मज्जातंतूंच्या आडोशाला

बर्लिनच्या पॅथॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये १८६८ साली पाउल लांगरहान्स नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी माणसाच्या त्वचेतले मज्जातंतू शोधत होता. वय जेमतेम वीस-एकवीस. संस्थेचे प्रमुख होते रुडॉल्फ विर्शो, ज्यांच्या शब्दाला तेव्हा सगळ्या युरोपात वजन होतं. तिथल्याच युलिउस कोनहाइम यांनी लांगरहान्सला एक रीत शिकवली होती. त्वचेचा तुकडा गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा, मग उजेडात ठेवायचा. सोनं मज्जातंतूंवर बसतं आणि एरवी सूक्ष्मदर्शकाखालीही हाती न लागणारे धागे काळे-जांभळे होऊन उठून दिसतात. लांगरहान्सला तसे धागे दिसलेच. शिवाय त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काही काळ्या पेशीही दिसल्या. सोनं धरलं म्हणजे त्या मज्जासंस्थेच्याच असणार, असं त्यानं मानलं आणि तसं छापलं.

त्या पेशी मज्जासंस्थेच्या नव्हत्या. त्वचेतून आत येणारा परका पदार्थ पकडून तो इतर प्रतिकारपेशींना दाखवणारे ते पहारेकरी आहेत, हे स्पष्ट व्हायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. पण त्याच विद्यार्थ्यानं लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८६९मध्ये, डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला तो स्वादुपिंडावर. सशाच्या स्वादुपिंडात त्याला छोट्या, सारख्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजके आढळले आणि त्या पुंजक्यांभोवती मज्जातंतूंची दाट वस्ती आढळली. या पेशी करतात काय हे आपल्याला सांगता येत नाही, असं त्यानं प्रबंधात सरळ लिहून ठेवलं. आज आपण त्यांना लांगरहान्सची बेटं म्हणतो. इन्शुलिन तिथं तयार होतं.

मज्जातंतू, प्रतिकारपेशी आणि स्वादुपिंड या तिन्हींना एकाच तरुणानं अवघ्या दोन वर्षांत हात लावला होता. त्यांचा आपसांत काय व्यवहार चालतो, हे मात्र पुढची जवळपास दीडशे वर्षं कुणी विचारलं नाही. लांगरहान्सला तर आयुष्यानं तेवढा अवधीच दिला नाही. १८७४ साली त्याला क्षयानं गाठलं, प्राध्यापकी सुटली, हवापालटासाठी तो मदेइरा बेटावर गेला. तिथं तो पेशंट तपासत राहिला, समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करत राहिला आणि १८८८च्या जुलैत, वयाची ४१ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस असताना वारला.

न विचारलेल्या त्या प्रश्नाची किंमत सर्वांत जास्त कुणी मोजली असेल, तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशंटांनी. हा अवयव जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असतो. त्याच्या मागंच महारोहिणीला बिलगून सीलिअ‍ॅक प्लेक्सस हे मज्जातंतूंचं मोठं जाळं पसरलेलं आहे. पोटातल्या बहुतेक वरच्या अवयवांचे तंतू तिथून ये-जा करतात. म्हणून या रोगाची कळ पोटात सुरू होऊन आरपार पाठीत निघते. उताणं झोपलं की वाढते, पुढं वाकून बसलं की थोडी उसंत मिळते. पोटाशी उशी धरून रात्रभर ओणवा बसलेला पेशंट ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कावीळ किंवा ही कळ जाणवेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. अमेरिकेतले अलीकडचे आकडे पाहिले तर निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरातले सुमारे तेराच.

कर्करोग मज्जातंतूंत शिरतो हे निरीक्षण तसं लांगरहान्सच्याही आधीचं. पॅरिसचे शरीररचनाशास्त्रज्ञ झाँ क्रुव्हेलिए यांनी १८२९ ते १८४२ या काळात विकृतिशास्त्राचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मज्जातंतूंच्या वाटेनं पसरणारा कर्करोग पाहून नोंदवणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव घेतात. पुढं १९०५ साली पाउल अर्न्स्ट यांनी या पसरण्याचा सविस्तर अभ्यास मांडला. मज्जातंतूंच्या वेष्टनात लसीकावाहिन्या असतात आणि त्या आयत्या वाटेनं पेशी पुढं सरकतात, अशी त्यांची समजूत होती. ती साठेक वर्षं टिकली. १९६०च्या दशकात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे काप बारकाईनं तपासले गेले, तेव्हा मज्जातंतूच्या वेष्टनाच्या आत लसीकावाहिन्या नसतातच असं दिसून आलं. मग उरलं एवढंच, की तंतूच्या आत-बाहेर कमी विरोधाची फट असावी आणि कर्करोग त्या फटीतून घुसत असावा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात एक ओळ येऊ लागली: मज्जातंतूभोवती शिरकाव आहे किंवा नाही. स्वादुपिंडाच्या रिपोर्टात ती बहुतेक वेळा ‘आहे’ अशीच असते. इतक्या वेळा, की तिच्याकडं कुणी थांबून पाहिलं नाही.

स्वादुपिंडाच्या बाबतीत हे दुर्लक्ष होण्यामागं आणखी एक कारण आहे असं मला वाटतं, आणि ते एका अतिशय सुंदर प्रयोगाच्या यशातून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वादुपिंड हा मज्जातंतूंच्या हुकमतीतला अवयव मानला जाई. पीटर्सबर्गला इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की व्हेगस हा मज्जातंतू चेतवला की स्वादुपिंडातून रस वाहू लागतो. सगळी पचनक्रिया मज्जासंस्था चालवते असं त्यांचं मत होतं. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग घेतला आणि त्याचे सगळे मज्जातंतू तोडले. फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. त्या भागात आम्ल सोडलं, तर स्वादुपिंडातून रस आलाच. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात वाटलं, गाळलं आणि ते पाणी कुत्र्याच्या शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. सिक्रेटिन सापडलं आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांना हॉर्मोन हे नाव दिलं.

प्रयोग निर्दोष होता. पण त्यानंतर स्वादुपिंड हॉर्मोनवाल्यांच्या ताब्यात गेलं. १९२१-२२मध्ये टोरंटोला इन्शुलिन हाती आलं आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं. स्वादुपिंडातले मज्जातंतू शरीररचनेच्या पुस्तकात राहिले, संशोधनाच्या मुख्य धारेतून बाहेर पडले.

त्यांच्याशी संबंध उरला तो शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा आणि भूल देणाऱ्यांचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेस्बिटेरिअन रुग्णालयातले अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली तीन पेशंटांवरच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला; स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या शस्त्रक्रियेला आजही त्यांचंच नाव आहे. गाठ स्वच्छ निघाली तरी रोग मागच्या बाजूला, मज्जातंतूंच्या जाळ्यालगत पुन्हा उगवतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या सर्जनांना येत राहिला. भूल देणाऱ्यांकडं वेगळं काम होतं. जर्मन सर्जन माक्स काप्पिस यांनी १९१४ साली पाठीतून लांब सुई घालून सीलिअ‍ॅक प्लेक्सस बधिर करण्याची रीत सांगितली होती. पुढं या जागी अल्कोहोल टोचून तंतू जाळण्याचा प्रघात पडला. हेतू एकच, कळ थांबावी.

या कामातूनच एक कोडं पुढं आलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कीथ लिलेमो आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोट उघडल्यावर गाठ काढता येणार नाही असं ध्यानात आलं, की टेबलावरच्या त्या पेशंटला चिठ्ठी टाकावी तसं दोनपैकी एक इंजेक्शन दिलं जाई. महारोहिणीच्या दोन्ही बाजूंना पन्नास टक्के अल्कोहोल किंवा नुसतं सलाइन. कोणाला काय मिळालं हे पेशंटला ठाऊक नसे. १३७ जणांची पाहणी झाली. अल्कोहोल मिळालेल्यांच्या वेदना कमी झाल्या, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना शस्त्रक्रियेआधीच जोराची कळ होती, त्यांच्यात अल्कोहोल मिळालेले जास्त काळ जगले. गाठीला हातही लागला नव्हता, फक्त तंतू जाळले होते.

तेव्हाचा अर्थ साधा लावला गेला. दुखणं कमी झालं, मॉर्फिन कमी लागलं, माणूस चार घास जेवू लागला, हिंडू लागला, म्हणून जगला. हे खरंही असेल. २००४ साली मेयो क्लिनिकनं शंभर पेशंटांवर तशीच चाचणी घेतली. वेदना कमी झाल्या, आयुष्य मात्र वाढलं नाही. कोडं तिथंच बाजूला पडलं. मला खेद वाटतो तो याचा, की या दोन चाचण्यांच्या मधली दहा-अकरा वर्षं वेदना आणि रोग या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी मानल्या गेल्या. एक ऑन्कॉलॉजीची, दुसरी भूलशास्त्राची.

मज्जातंतू हा प्रतिकारशक्तीपासून लपण्याचा आडोसा असू शकतो, ही कल्पना वैद्यकाला अगदी अनोळखी नव्हती. तिच्यावर मुंबईत मोठं काम झालं होतं, पण दुसऱ्याच रोगाच्या निमित्तानं. परळचं टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडं आली. भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे हे विकृतिशास्त्रज्ञ कुष्ठरोगातही तितकेच रमलेले होते. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांचे काप त्यांनी चिकाटीनं तपासले आणि जंतू त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत किती लवकर शिरतात हे १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत हे जंतू वर्षानुवर्षं राहतात. रक्तातल्या पहारेकऱ्यांना मज्जातंतूच्या वेष्टनातून सहज आत शिरता येत नाही, त्याचा फायदा या जंतूंना मिळतो. एकाच टेबलावर कर्करोगाच्या आणि कुष्ठरोगाच्या काचपट्ट्या पाहणारा माणूस आपल्याकडं होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मात्र कर्करोगालाही तोच आडोसा मिळतो का, हे तपासण्याची साधनं त्या काळात नव्हती. टी पेशी नावाचा प्रतिकारपेशींचा प्रकारच अजून ओळखला गेला नव्हता.

साधनं आली ती १९८०नंतर, आणि आली वेगवेगळ्या दारांनी. अमेरिकेत डेव्हिड फेल्टन यांना प्लीहेत आणि लसीकाग्रंथींत मज्जातंतूंची टोकं लिम्फोसाइट पेशींना अक्षरशः खेटलेली दिसली. २००० साली केव्हिन ट्रेसी यांच्या गटानं व्हेगस चेतवून उंदरांमधला जीवघेणा दाह आवरून दाखवला. मज्जासंस्था प्रतिकारशक्तीला लगाम घालू शकते, हे मान्य झालं.

ह्यूस्टनला गुस्ताव्हो आयाला यांनी २००१ साली केलेला प्रयोग तर डोळ्यांनी बघण्यासारखा होता. काचेच्या बशीत, जेलीसारख्या माध्यमात त्यांनी उंदराच्या मज्जातंतूंचा एक गुच्छ ठेवला आणि थोड्या अंतरावर माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी ठेवल्या. दोघांमध्ये रिकामी जागा. काही दिवसांत गुच्छातून नवे धागे फुटले आणि कर्करोगाच्या दिशेनं वाढू लागले. धागे पोचल्यावर कर्करोगाच्या पेशी त्यांच्यावरून उलट गुच्छाकडं सरकू लागल्या. अर्न्स्टच्या कल्पनेतली आयती वाट कुठंच नव्हती. दोन्ही बाजू एकमेकींना बोलावत होत्या. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजातले क्लेअर मान्यों आणि पॉल फ्रेनेट यांनी ‘सायन्स’मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष मांडले. प्रोस्टेटला जाणारे मज्जातंतू आधीच निकामी केले, तर गाठ नीट धरतच नाही. पुढच्याच वर्षी म्युनिकचे इहसान एकिन देमिर यांनी दाखवलं, की स्वादुपिंडात तर कर्करोग पुरता होण्याआधीच श्वान पेशी बिघडलेल्या पेशींच्या दिशेनं निघालेल्या असतात.

इकडं त्याच वर्षांत कर्करोगाच्या उपचारात मोठी उलथापालथ चालली होती. टी पेशींवरचे ब्रेक काढणारी औषधं आली. त्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे मरणाच्या दारातले पेशंट बरे होऊ लागले. स्वादुपिंड मात्र बधलं नाही. २०१२ साली छापून आलेल्या अशा एका औषधाच्या चाचणीत २०७ पेशंट होते, त्यांतले १४ स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे. त्या चौदांपैकी एकाचीही गाठ आटली नाही. कारणं अनेक आहेत. या गाठीत कर्करोगाच्या पेशींपेक्षा तंतुमय भरावच जास्त असतो, टी पेशी आत पोचत नाहीत, पोचल्या तर थकून निपचित पडतात. पण त्यांना थकवतं कोण?

इथं मज्जातंतूंचं नाव पुन्हा पुढं आलं. कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे व्हिपल यांच्याच संस्थेत, टिमोथी वांग यांच्या गटानं २०१८मध्ये एक दुष्टचक्र उलगडलं. ताण आला की अनुकंपी मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात. ते कर्करोगाच्या पेशींवरच्या बीटा-२ ग्राहकांवर बसतं. त्या पेशी मग मज्जातंतू वाढवणारी प्रथिनं स्रवतात. नवे तंतू फुटतात आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन आणखी वाढतं. ‘बीटा ब्लॉकर’ या रक्तदाबासाठी घराघरात असलेल्या औषधांपैकी काही याच ग्राहकांना अडवतात.

प्रतिकारशक्तीचा दुवा जुळला तो त्यानंतर. माँट्रिअलचे सेबास्तिआँ तालबो यांच्या गटानं २०२२ साली मेलॅनोमात दाखवलं, की वेदना वाहून नेणारे तंतू सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि ते थेट टी पेशींवर बसून त्यांना दमवतं. हे तेच रसायन, ज्याला अडवणारी औषधं अर्धशिशीसाठी २०१८पासून वापरात आहेत. कळ पोचवणारा तंतूच पहारेकऱ्याला झोपवत होता. २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये सुझन केच आणि आना-मारिया ग्लोबिग यांना दमलेल्या टी पेशी अनुकंपी तंतूंभोवती गोळा झालेल्या दिसल्या. या पेशींवर बीटा-१ ग्राहक असतात आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन त्यांच्यामार्फत पेशींना आणखी खच्ची करतं. स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांना बीटा ब्लॉकर आणि टी पेशींचे ब्रेक काढणारं औषध एकत्र दिलं, तेव्हा टी पेशींना पुन्हा बळ आलं.

एक अडचण तरीही होती. गाठीतला मज्जातंतू म्हणजे फक्त शेपूट. त्याची मूळ पेशी दूर, कण्याजवळच्या गुच्छात असते. गाठ कापून तपासली तरी ती पेशी हाती लागत नाही. हायडेलबर्गचे आंद्रेआस ट्रुम्प आणि देमिर यांच्या गटांनी गाठीत एक खुणेचा पदार्थ सोडला. तो तंतूंतून उलटा चढत मूळ पेशीपर्यंत गेला, मांजा धरून फिरकीपर्यंत जावं तसा. खूण झालेल्या पेशी एकेक वेचून त्यांतली जनुकं वाचली. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. कर्करोगानं त्या दूरच्या पेशींचं वागणंच बदलून टाकलेलं होतं. उंदरांच्या स्वादुपिंडाचे मज्जातंतू तोडल्यावर गाठीत लढाऊ प्रतिकारपेशी शिरू लागल्या. टी पेशींचे ब्रेक काढणाऱ्या, एरवी स्वादुपिंडात निष्प्रभ ठरणाऱ्या त्याच इम्युनोथेरपीला गाठ दाद देऊ लागली. नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीतलं नेहमीचं औषध गाठीतले संवेदी तंतू आटवतं, हेही दिसलं. हातापायांना मुंग्या येण्याचा त्याचा त्रास डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. तंतूंवरचा तोच परिणाम गाठीत उपयोगी पडत असावा.

आता जॉन्स हॉपकिन्सच्या त्या चाचणीकडं नव्या नजरेनं बघता येतं, आणि मेयोच्या नकाराकडंही. सीलिअ‍ॅक प्लेक्ससमध्ये तीन प्रकारचे तंतू एकत्र गुंतलेले असतात. कळ नेणारे, अनुकंपी आणि व्हेगसचे. पहिले दोन कर्करोगाला साथ देतात. व्हेगसचं उलट आहे. कोलंबियाच्याच गटानं २०१८मध्ये दाखवलं, की व्हेगस तोडला तर उंदरांत स्वादुपिंडाचा कर्करोग जास्त जोमानं वाढतो आणि व्हेगसचा संदेश औषधानं परत दिला तर मंदावतो. अल्कोहोलची सुई या तिघांत भेद करत नाही. एका पेशंटमध्ये शत्रूचे तंतू जास्त जळाले असतील, दुसऱ्यात मित्राचे. दोन चाचण्यांची उत्तरं वेगळी येण्याचं हे एक कारण असू शकतं. म्हणूनच पुढच्या चाचण्यांत सगळं जाळं जाळण्याऐवजी बीटा ब्लॉकर किंवा सीजीआरपी अडवणारी औषधं इम्युनोथेरपीच्या जोडीला देऊन पाहणं जास्त शहाणपणाचं आहे. ही औषधं नवी शोधायची नाहीत. ती आजच केमिस्टच्या फडताळात आहेत. उंदरांत जे दिसलं ते माणसांत किती उतरतं, हे शोधण्याचं काम आता दवाखान्यांकडं आलं आहे.